भाजीच्या वाफ्यावरची कबुतरे: भीती दाखवावी, जाळे ताणावे की पीकच बदलावे?

कोबीची रोपे लावून आठवडा उलटतो आणि एका सकाळी वाफ्यात नुसते सांगाडे उभे दिसतात. पानाचा मऊ भाग गेलेला असतो, मधली शीर आणि देठ तेवढे शिल्लक राहतात, आणि उरलेल्या कडा ओढून फाडल्यासारख्या दिसतात. हे काम कबुतराचे असते. गोगलगाय पान खाते तेव्हा छिद्रांच्या कडा गुळगुळीत राहतात आणि जवळपास वाळलेला चकचकीत माग सापडतो. अळीने खाल्लेले असेल तर पानांच्या बेचक्यात हिरवट काळ्या लेंड्या पडलेल्या असतात. कबुतराला चावता येत नाही. ते पानाची कड चोचीत धरते आणि मानेला हिसका देते, त्यामुळे पान शिरेपर्यंत फाटत जाते आणि शीर तशीच उभी राहते. उपायावर खर्च करण्यापूर्वी ही ओळख पटवून घ्यावी, कारण गोगलगायीसाठी जाळे आणि कबुतरासाठी गोगलगायीच्या गोळ्या आणणारे लोक मी पाहिले आहेत, आणि पहिल्या वर्षी त्यांत मीही होतो.

हा आढावा मुख्यतः त्यांच्यासाठी आहे, ज्यांचा भाजीचा तुकडा घरापासून दूर आहे, म्हणजे एका मोठ्या सामायिक जमिनीवर अनेकांनी आपापला भाग कसायचा अशा जागेवर आहे. परसबागेत माणसांची सततची ये-जा हीच अर्धी राखण असते. दूरच्या तुकड्यावर मालक आठवड्यातून दोनदा येतो आणि कबूतर दिवसातून दोनदा येते. उपायांची तुलना करताना किंमत किंवा दिसणे यांपेक्षा हा फरक मोठा ठरतो.

समोर कोण आहे

‘कबूतर’ म्हणताना आपण निदान दोन वेगळे पक्षी एकत्र करतो. इमारतींच्या कंगोऱ्यांवर राहणारा पारवा साधारण ३०० ते ३५० ग्रॅम वजनाचा असतो आणि तो मुळात दाणे टिपणारा पक्षी आहे. तो पेरलेला वाटाणा उकरून नेतो, उगवत्या द्विदल रोपांचे कोंब खुडतो, पण मोठ्या पानांच्या वाटेला सहसा कमी जातो. युरोपातील रानकबूतर त्याहून बरेच जड, ४५० ते ५५० ग्रॅमचे असते, त्याच्या मानेवर आणि पंखांवर पांढरे पट्टे असतात, आणि हिवाळ्यात दाणे संपले की ते सरळ हिरव्या पानांवर उतरते. कोबी, फुलकोबी, ब्रोकोली, केल, ब्रसेल्स स्प्राउट या एकाच कुळातील भाज्यांचे सर्वाधिक नुकसान हेच पाखरू करते. आपल्याकडे येणारे पाखरू कोणते हे कळले तर अर्धा निर्णय होतो, कारण पारव्यासाठी पेरणीनंतरचे दोनतीन आठवडे सांभाळले तरी पुरते, तर रानकबुतरासाठी संपूर्ण हिवाळा वाफा झाकून ठेवावा लागतो.

दोघांच्या काही गोष्टी सारख्या आहेत आणि त्या उपायांच्या यशापयशाशी थेट जोडलेल्या आहेत. कबुतराच्या गळ्याशी अन्न साठवणारी पिशवी असते; ते उघड्यावर थोडा वेळ उतरून ती भरून घेते आणि झाडावर सुरक्षित बसून सावकाश पचवते. म्हणून वाफ्यावर त्याला दहा मिनिटे मिळाली तरी चालते. पहाटे आणि रात्रीच्या थाऱ्याला जाण्यापूर्वीच्या वेळी ही भरणी जोरात असते, आणि नेमक्या त्याच वेळी वाफ्यावर माणूस नसतो. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे कबुतराला साधारण ३४० अंशांचा परिसर एकाच वेळी दिसतो, त्यामुळे त्याला गाठणे कठीण असते, पण तेच डोळे न हलणारे बुजगावणे कोणते आणि खरा माणूस कोणता हेही लवकर शिकतात. दोन अंडी, सतरा-अठरा दिवसांची उबवण, आणि वर्षात अनेकदा वीण, असा त्यांचा संसार आहे. चार पक्षी कमी केल्याने परिसरातील संख्या हलत नाही, याचे एक कारण हे आहे.

भीती दाखवणारे उपाय

जुन्या सीडी, वाऱ्यावर फडफडणारी चमकणारी फीत, प्लास्टिकचे घुबड, मोठे डोळे रंगवलेला फुगा, ससाण्याच्या आकाराचा पतंग, कपडे घातलेले बुजगावणे: या सगळ्यांची मी एकाच परिच्छेदात वासलात लावतो आहे, कारण यांच्यातील फरक फारसा महत्त्वाचा नाही. सगळ्यांचे तत्त्व एकच आहे, ते म्हणजे नवेपणा. नवी वस्तू दिसली की कबूतर बिचकते, दूर झाडावर बसून पाहते, काही दिवसांत तिच्यापासून काहीच होत नाही हे त्याला कळते, आणि मग ते तिच्या शेजारी चरते. यांतल्या यांत हलणारी वस्तू स्थिर वस्तूपेक्षा जास्त दिवस टिकते आणि पतंग घुबडापेक्षा बरा ठरतो, मात्र वारा पडला की पतंगही जमिनीवर लोळणारे फडके होतो. माझ्या प्लास्टिकच्या घुबडाचे डोके वाऱ्यावर फिरत असे आणि विक्रेत्याचा सगळा भर त्यावर होता. नवव्या दिवशी त्याच्या डोक्यावर विष्ठा होती.

तरीही हे उपाय निरुपयोगी नाहीत. पेरणी ते उगवण किंवा लागवडीनंतरचा पहिला आठवडा असा छोटा आणि ठरावीक धोक्याचा काळ असेल तर दर दोनतीन दिवसांनी जागा आणि प्रकार बदलत राहिल्यास भीती पुरते. अट एवढीच की बदलायला कोणीतरी यायला हवे. ज्याला रोज येता येते त्याने फीत आणि पतंग जरूर वापरावेत. पण रोज येणाऱ्याला मुळात त्यांची गरज कमी असते, ही या उपायातील गंमत आहे.

आवाजाच्या साधनांबद्दल थोडक्यात दोन गोष्टी सांगतो. गॅसवर चालणाऱ्या तोफा आणि पक्ष्यांच्या धोक्याच्या हाका वाजवणारी यंत्रे मोठ्या शेतांसाठी बनवलेली असतात आणि सामायिक जमिनीवर ती लावल्यास कबुतरांच्या आधी शेजारी जातील, किंवा समितीकडून पत्र येईल. माणसाला ऐकू न येणाऱ्या उच्च कंपनसंख्येच्या यंत्रांना मात्र मी पूर्ण नकार देतो. माणूस तरुणपणी साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकतो. कबुतराची वरची मर्यादा त्याहून बरीच खाली, १० किलोहर्ट्झच्या आसपासच संपते. जो आवाज आपल्याला ऐकू येत नाही इतका वरचा आहे, तो कबुतरालाही ऐकू येत नाही. उलट अतिशय खालचे, आपल्या कानांपलीकडचे मंद स्वर त्याला ऐकू येतात, पण ही यंत्रे ते काढत नाहीत.

अडथळा: येथे खरी निवड करायची असते

भीती ही एक प्रकारची राखणच असते, आणि राखणदार नसेल तर अडथळाच उभारावा लागतो, या निष्कर्षाला मी तीन हंगामांनंतर आलो. मात्र ‘जाळे टाका’ एवढे सांगून भागत नाही, कारण जाळ्यांचे प्रकार एकमेकांपासून इतके वेगळे आहेत की चुकीचे जाळे निवडणारा माणूस वर्षभरात जाळ्यावरचाच विश्वास गमावतो.

आधी चूक कशी होते ते जवळून सांगतो. मी चार कोपऱ्यांना काठ्या रोवून त्यांवर हलके जाळे सैल टाकले होते. पावसानंतर ते मध्ये झोळीसारखे लोंबले. दुसऱ्या दिवशी पहाटे लवकर पोचलो तेव्हा एक रानकबूतर त्या झोळीत अगदी निवांत उभे होते. त्याच्या वजनाने जाळे ब्रोकोलीच्या शेंड्यांपर्यंत खाली दबले होते आणि ते छिद्रांतून मान घालून पाने ओढत होते. जागेवरून हलण्याचेही कष्ट त्याला नव्हते. बाजूला सरकले की जाळे तिथे दबायचे आणि पुढचे झाड ताटात यायचे. अर्धा किलोचा पक्षी उभा राहिला तरी पानाला टेकणार नाही इतका ताण आणि इतकी उंची, ही जाळ्याची पहिली कसोटी आहे. छिद्राचा आकार हा त्यानंतरचा प्रश्न.

उंचीचा हिशेब सोपा आहे आणि खरेदीपूर्वी करून ठेवावा. १.२ मीटर रुंदीच्या वाफ्यावर अर्धवर्तुळाकार कमान उभारली तर तिची मधली उंची ६० सेंटिमीटर भरते आणि तिला १.९ मीटर पाइप लागतो. गड्डाकोबी आणि फुलकोबीला एवढे पुरते. केल, ब्रसेल्स स्प्राउट किंवा उंच वाढणारी ब्रोकोली असेल तर ९० सेंटिमीटर तरी उंची हवी, म्हणजे दोन्ही बाजूंना ३० सेंटिमीटर सरळ उभा भाग धरून पाइप २.५ मीटरचा होतो. पूर्ण वाढलेल्या झाडांना तेही अपुरे पडते आणि मग चौकटच करावी लागते. जाळ्याची रुंदी कमानीच्या लांबीपेक्षा किमान ६० सेंटिमीटर जास्त घ्यावी, म्हणजे दोन्ही कडांना जमिनीवर दाबायला ३० सेंटिमीटर मिळतात. पाण्याचा साधा पाइप जमिनीत ठोकलेल्या सळईच्या तुकड्यांवर चढवला की कमान तयार होते. कमानी मीटरभर अंतराने आणि माथ्यावरून एक सुतळी किंवा बांबू आडवा बांधलेला असावा, नाहीतर दोन कमानींच्या मध्ये तीच झोळी पुन्हा तयार होते. कडा विटांनी किंवा वाकवलेल्या तारेच्या खुंट्यांनी दाबाव्यात. मोकळी कड कबूतर चालत जाऊन शोधते. ते उडणारे पाखरू आहे हे खरे, पण चरताना ते बहुतेक वेळ पायीच असते.

आता जाळ्यांची आपसांतील तुलना. ५० मिलिमीटर छिद्राचे जाळे कबुतराला अडवते, हलके असते, त्यावर वारा आणि बर्फ फारसे अडकत नाहीत, आणि ते सर्वांत स्वस्त पडते. त्याचा दोष असा की त्यातून लहान पक्षी आत जातात आणि बाहेर पडताना अडकतात, आणि फुलपाखरांना तर ते दिसतही नसावे. २० मिलिमीटरच्या आसपासचे जाळे लहान पक्ष्यांनाही बाहेर ठेवते आणि मधमाश्या मात्र आत-बाहेर करू शकतात, त्यामुळे परागीभवनाला कीटक लागणाऱ्या पिकांवर ते बरे. ७ मिलिमीटरच्या जाळ्यातून कोबीवर अंडी घालणारे मोठे पांढरे फुलपाखरू सहसा जात नाही, म्हणजे एका खर्चात कबूतर आणि अळी दोघांचा बंदोबस्त होतो. पान जाळ्याला टेकले असेल तर फुलपाखरू बाहेर बसूनच अंडी घालते, म्हणून उंचीचा नियम येथेही लागू. त्याहून बारीक, मिलिमीटर-दीड मिलिमीटर छिद्रांची कीडरोधक जाळी माशांनाही बऱ्याच अंशी रोखते, वाऱ्याचा जोर कमी करते आणि अनेक वर्षे टिकते, पण ती महाग असते, तिच्यावर बर्फ साचतो आणि जोरदार वाऱ्यात तिचे शीड होते.

क्रॉप कव्हर, म्हणजे न विणलेले पांढरे हलके कापड, या सगळ्यांहून वेगळे आहे. चौरस मीटरला १७ ग्रॅम इतक्या कमी वजनाचे कापड रोपांवर सरळ टाकता येते, कमानी लागत नाहीत, थंडीत ते ऊबही देते आणि खाली काय आहे हे कबुतराला दिसतच नाही. लागवडीनंतरच्या पहिल्या तीनचार आठवड्यांसाठी मला याहून सोपा उपाय माहीत नाही. पण ऊन तापले की आत कोंदटते, मावा एकदा आत शिरला की त्याला खाणारे किडे बाहेर राहतात आणि तो निर्वेधपणे वाढतो, तण दिसत नाही म्हणून माजते, आणि काट्याला किंवा मांजराच्या नखाला लागून कापड फाटते ते फाटतच जाते. हंगामापुरते वापरावे आणि त्याच्याकडून वर्षांची अपेक्षा ठेवू नये.

जाळे लावणाऱ्याने आणखी एका गोष्टीचा हिशेब ठेवायला हवा, आणि दुकानातील वेष्टनावर तो क्वचितच लिहिलेला असतो. बारीक, जवळजवळ अदृश्य नायलॉन धाग्याचे सैल जाळे हा पक्ष्यांसाठी, रात्री फिरणाऱ्या लहान प्राण्यांसाठी आणि सापांसाठी सापळा असतो. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने १ सप्टेंबर २०२१ पासून घरगुती फळझाडांवर पूर्ण ताणलेल्या अवस्थेत ५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या छिद्रांची जाळी वापरण्यास मनाई केली, ती याच कारणाने. तिथे सांगितली जाणारी खूण कुठेही वापरता येईल अशी आहे: बोट जाळीतून आरपार गेले तर ती जाळी प्राण्यांसाठी धोक्याची आहे. माझ्या सैल जाळ्यात एकदा एक लहान पक्षी अडकून मेलेला सापडला. मी चार दिवस फिरकलो नव्हतो. म्हणून आठवड्यातून एकदाच येणाऱ्याने मोठ्या छिद्रांचे जाळे स्वस्त असले तरी घेऊ नये, आणि कोणतेही जाळे असो, ते जाड, डोळ्यांना दिसणाऱ्या धाग्याचे व ताणलेले असावे. धागा सूर्यप्रकाश सोसणारा आहे का हेही विचारावे. तसा नसेल तर दोन उन्हाळ्यांत त्याचे तुकडे मातीत मिसळू लागतात.

कायमचा पिंजरा, म्हणजे साधारण दोन मीटर उंचीची लाकडी किंवा धातूची चौकट, चारही बाजूंना जाळी, वर काढता येणारे छत आणि आत उभे राहून काम करता येईल असे दार, हा सर्वांत सोयीचा आणि सर्वांत महाग पर्याय. कमानींखालच्या जाळ्यात प्रत्येक खुरपणीला विटा उचला, जाळे गुंडाळा, पुन्हा ताणा हा खेळ करावा लागतो आणि माणूस कंटाळून खुरपणीच टाळू लागतो. पिंजऱ्यात दार उघडले की काम सुरू. पण पिंजरा जागेवरून हलत नाही आणि कोबीवर्ग तर दरवर्षी जागा बदलून लावायचा असतो, नाहीतर मुळांवर गाठी आणणारा बुरशीसदृश रोग जमिनीत ठाण मांडतो. त्यामुळे पिंजरा इतका मोठा हवा की आतल्या आत पिकांची फेरपालट होईल, किंवा मग त्यात बेरीवर्गीय फळझुडपे लावावीत आणि भाजीसाठी हलवता येणाऱ्या कमानी ठेवाव्यात. बर्फ पडत असेल तर हिवाळ्यात छताचे जाळे काढून ठेवावे, अन्यथा ओल्या बर्फाच्या एका रात्रीत चौकट वाकते. सामायिक जमिनीवर बांधकामाच्या उंचीचे नियम असतात, ते आधी वाचावेत.

कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती षट्कोनी तारेची जाळी मात्र अकारण दुर्लक्षित राहते. तिची अर्धगोल पन्हळ करून वाटाण्याच्या ओळीवर पालथी घातली की कमानी, सुतळी, ताण यांपैकी काहीच लागत नाही. ती स्वतःच ताठ उभी राहते, तिच्यात कोणी गुंतत नाही, आणि रोपे हातभर झाली की उचलून पुढच्या ओळीवर ठेवता येते. उंच पिकाला ती चालत नाही आणि कापलेली टोके हात फाडतात. वाटाणा आणि घेवडा पेरणाऱ्याने दोनतीन पन्हळी कायम तयार ठेवाव्यात.

दोऱ्यांच्या उपायाला मी मधले स्थान देतो. वाफ्यावर वीतभर उंचीवर, वीत-दीड वीत अंतराने आडव्यातिडव्या सुतळ्या ताणल्या की कबुतराला उतरताना आणि विशेषतः घाबरून एकदम उडताना पंख पसरायला जागा मिळत नाही, आणि सुटकेची वाट मोकळी नसलेल्या जागी ते सहसा उतरत नाही. खर्च जवळजवळ शून्य असतो. पण वाफ्याच्या कडेने चालत आलेल्या कबुतराला सुतळी अडवत नाही, आणि झाडे वाढली की सुतळ्या त्यांच्यातच हरवतात. मासेमारीची पारदर्शक दोरी यासाठी वापरण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. तो मानू नये, कारण न दिसणारी दोरी पाखराला रोखत नाही, जखमी करते.

पीक आणि रोप बदलणे

झाकण्याच्या खर्चाची चिंता करणाऱ्याने आधी काय झाकायचे नाही याची यादी करावी. कांदा, लसूण, बटाटा, टोमॅटो, मिरची, भोपळावर्गीय वेल आणि बहुतेक वेळा गाजर यांकडे कबुतरे फिरकत नाहीत. कोबीवर्ग, वाटाणा, घेवड्याचे कोंब, लेट्यूस, पालक आणि बीटची कोवळी पाने यांना मात्र संरक्षण लागतेच. आपला तुकडा कागदावर काढून पाहिला तर झाकण्याजोगा भाग साधारण एकतृतीयांश निघतो, आणि तो शेजारी शेजारी लावला तर एकाच लांब जाळ्याखाली बसतो. माझे जाळ्याचे क्षेत्र यामुळे निम्म्यावर आले. पूर्वी मी उत्साहाच्या भरात कांद्यावरही जाळे ताणत होतो.

रोपाचा आकारही महत्त्वाचा असतो. दोनचार पानांचे रोप कबुतराने एकदा ओढले की शेंडा जातो आणि गड्डा धरणे संपते. तेच रोप कुंडीत वाढवून, वीतभर उंच आणि सहा-सात पानांचे झाल्यावर लावले तर दोन पाने गेली तरी शेंडा वाचतो आणि झाड सावरते. नुकसान थांबत नाही, पण सहन होण्याइतके होते. ज्याला जाळे अजिबात नको आहे, मग ते दिसण्यासाठी असो वा प्राण्यांसाठी, त्याच्यासाठी मोठी रोपे, न आवडणारी पिके आणि वाटाण्यासाठी तारेच्या पन्हळी ही जुळणी बऱ्यापैकी चालते. त्या माणसाने हिवाळी ब्रोकोलीचा मोह मात्र सोडावा.

पक्षी मारणे किंवा पकडणे

हा पर्याय मी नैतिक प्रश्न बाजूला ठेवूनही फेटाळतो. कायदा ठिकाणानुसार बदलतो, आणि विष घालणे अनेक देशांत गुन्हा आहे, कारण मेलेले पाखरू खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांनाही ते मारते. पण कायद्यात बसणाऱ्या मार्गांनीही संख्या कमी होत नाही याचे चांगले पुरावे आहेत. ब्रिटनमध्ये केंब्रिजशायरच्या शेतांवर रोनाल्ड मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५०-६० च्या दशकांत रानकबुतरांचा दीर्घ अभ्यास केला. हिवाळ्यात जेवढी पाखरे मारली जात, तेवढी एरवीही अन्न कमी पडून मेलीच असती, आणि उरलेल्यांना उलट जास्त अन्न मिळत होते, असे त्यातून दिसले. स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात १९६१ ते १९८५ या काळात सुमारे एक लाख पारवे मारण्यात आले आणि संख्या २०,००० च्या आसपास तशीच राहिली. १९८८ पासून लोकांनी दाणे घालणे कमी करण्यावर भर देण्यात आला, तेव्हा साधारण ५० महिन्यांत ती निम्मी झाली. पारवा पकडून दूर सोडण्याबद्दल तर काय बोलावे; शेकडो किलोमीटरवरून घरी परतणे हाच ज्या पक्ष्याचा लौकिक, त्याला गाडीने फिरवून आणण्यापलीकडे त्यात काही होत नाही.

बाझलच्या अनुभवातून वाफ्यापुरती एक गोष्ट घेता येते. सामायिक जमिनीवर कोणी पक्ष्यांसाठी जमिनीवर दाणे टाकत असेल, कंपोस्टच्या ढिगावर पाव-भात उघडा पडत असेल किंवा कोंबड्यांचे खाद्य सांडत असेल, तर कबुतरांचा थवा तिथे जमणार आणि उरलेला वेळ आपल्या कोबीवर काढणार. त्याबद्दल शेजाऱ्याशी एकदा बोलणे हा या यादीतला सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि सर्वांत अवघडही.

तर निवड कशी करावी

रोज वाफ्यावर जाता येत असेल आणि पारवेच येत असतील, तर पेरणीच्या काळात सुतळ्या, चमकणारी फीत आणि वाटाण्यावर तारेची पन्हळ एवढ्यावर भागेल, आणि जाळ्याचा खर्च पुढच्या वर्षावर ढकलायला हरकत नाही. आठवड्यातून दोन-तीनदा जाणाऱ्याने, कोबीवर्ग लावणार असल्यास, कमानी आणि ७ मिलिमीटरचे जाळे घ्यावे. कबूतर आणि अळी यांच्यासाठी दोन वेगळे खर्च होत नाहीत. आठवड्यातून एकदाच जाणे होत असेल तर कीडरोधक बारीक जाळी महाग असूनही मी तिचीच शिफारस करीन, कारण तिच्यात काही अडकत नाही आणि ती एकदा लावली की काढेपर्यंत विसरता येते. वाटाणा स्वतःच परागित होतो आणि कोबीवर्ग फुलण्यापूर्वीच काढला जातो, त्यामुळे या दोघांवरील बारीक जाळी मधमाश्यांसाठी उघडण्याची गरज पडत नाही; भोपळावर्ग मात्र तिच्याखाली फळ धरणार नाही आणि स्ट्रॉबेरीची फळे वेडीवाकडी येतील. पहिलेच वर्ष असेल, तुकडा पुढच्या वर्षी आपल्याकडे राहील की नाही हेच ठाऊक नसेल, तर क्रॉप कव्हर आणि मोठी रोपे यांवर हंगाम काढावा. पिंजऱ्याचा विचार तीन वर्षे त्याच जमिनीवर काढल्यानंतर करावा.

कोणताही अडथळा निवडला तरी तो लागवडीच्याच दिवशी उभा करावा. कबुतराला एकदा त्या वाफ्याची चव कळली की ते सुटलेली कड शोधत जाळ्याभोवती फिरत राहते. जिथे त्याला कधी काही मिळालेच नाही, तिथे ते एवढा वेळ घालवत नाही. वाफ्यातली भाजी घरी आणल्यावर, विशेषतः जिच्यावर विष्ठा पडलेली दिसते ती पाने, वाहत्या पाण्याखाली नीट धुवावीत किंवा टाकून द्यावीत, आणि कच्ची खायची असतील तर टाकूनच द्यावीत.

हंगाम संपल्यावर जाळे झाडून, वाळवून, दोघांनी दोन टोके धरून एका लांब काठीवर गुंडाळावे आणि तीन ठिकाणी सुतळीने बांधावे. खोपटात गोळा करून फेकलेले जाळे सोडवायला मला पुढच्या वसंतात एक संपूर्ण दुपार लागली, आणि ती दुपार संपेपर्यंत कुंड्यांतून काढून ठेवलेली रोपे वाफ्याच्या कडेला उघडीच होती.